आईच्या बाथरूममधला दांडा

टॉवेलची ती दांडी मी स्वतः लावली होती. दोन गिट्ट्या, दोन स्क्रू, वीस मिनिटांचं काम. गिट्टी म्हणजे भिंतीतल्या भोकात ठोकायची प्लॅस्टिकची बारकी नळी. तिच्यात स्क्रू फिरला की ती फुगते आणि भिंत धरून बसते. निदान बसायला हवी. एका शुक्रवारी सकाळी आईने कमोडवरून उठताना ती दांडी धरली आणि दांडी गिट्ट्यांसकट तिच्या हातात आली.

मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. आवाज ऐकून धावले. आई फरशीवर एका कुशीवर पडली होती. उजवा पाय नको तसा वळला होता आणि दांडी अजून हातात होती. ती ओरडली नाही. मला दारात बघितल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर ती दांडी हळूच कमोडच्या मागे सरकवली. मग म्हणाली, "मला उचलू नकोस. ॲम्ब्युलन्स बोलव."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात आजी?"

"पाय घसरला. फरशी ओली होती."

फरशी कोरडी होती. आईने ते एकदा डॉक्टरांना सांगितलं, एकदा नर्सला आणि एकदा नाशिकहून फोन केलेल्या माझ्या बहिणीला. तिन्ही वेळा मी तिथेच उभी होते आणि तिन्ही वेळा गप्प राहिले. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. मी तळोज्याला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात आहे. पाकिटांवरची छपाई तपासायची, अक्षर पुसट दिसलं तर बाजूला काढायचं, हे माझं काम. घरातली दुरुस्ती मी बाबा गेल्यावर शिकले, कारण एका वॉशरसाठी प्लंबरची चार दिवस वाट बघायचा मला कंटाळा आला होता. आधी नळाचे वॉशर बदलले, मग फ्लशच्या टाकीतला फ्लोट, मग पंख्याचा कपॅसिटर. वाढदिवसाला मी स्वतःलाच एक ड्रिल मशीन घेतलं. शेजारच्या बायका कौतुक करायच्या आणि मला ते आवडायचं, हेही खरं. आई पडली त्या संध्याकाळी मी हत्यारांची पेटी पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत ढकलली. दिसूच नये म्हणून.

ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. चौथ्या दिवशी तिने मला बाहेर बोलावलं.

"सोमवारी घरी सोडतील. त्याआधी कमोडच्या बाजूला आधाराचा दांडा बसवून घ्या. मजबूत हवा. उठताना त्या पूर्ण वजन टाकणार त्याच्यावर."

"पूर्ण?"

"पूर्ण," ती म्हणाली. "आता तो पाय दुसऱ्यांदा मोडला तर फार अवघड होईल."

गणपती त्या सोमवारच्या आधीच, शनिवारी बसणार होते. आमचा नेहमीचा प्लंबर फोनवर म्हणाला, "ताई, मी गावी पोचलो पण. गौरी झाल्या की येतो." दुसऱ्याचा फोन बंद. तिसरा कामोठ्याचा, तो सोमवारी येतो म्हणाला, मी म्हटलं सोमवारी आई येणार, तर तो म्हणाला मग मंगळवारी. हॉस्पिटलला विचारलं, अजून दोन दिवस ठेवता येईल का. ते म्हणाले, बेड पाहिजे.

शनिवारी सकाळी मी पनवेलच्या बाजारात जाऊन स्टीलचा दीड फुटी दांडा आणला. घरी येऊन खोका उघडला. आत एका पिशवीत स्क्रू आणि गिट्ट्या होत्या. गिट्ट्या अगदी तेवढ्याच, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. टॉवेलच्या दांडीच्या होत्या तशाच. पण दुकानदार म्हणाला होता की कंपनीनेच दिल्यात, म्हणजे चालत असणार. मी पेटी पलंगाखालून ओढली.

नळाच्या वर सरळ रेषेत पाइप असतो हे मला माहीत होतं, म्हणून मी ती रेष सोडून चांगली हातभर बाजूला खूण केली. टाइल तडकू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावली. खाली सोसायटीच्या गणपतीची आरती चालू झाली होती, लाउडस्पीकरवर. बरं वाटलं, माझ्या मशीनचा आवाज कोणाला ऐकू जाणार नव्हता. पहिलं भोक नीट पडलं. आतून पांढरी भुकटी आली, पिठासारखी. दुसऱ्या भोकाला मशीन अचानक आत धसलं, आणि बाहेर काढलं तसं पाणी आलं. थेंब थेंब नाही. पेन्सिलीएवढी जाड धार थेट माझ्या छातीवर.

मी अंगठा लावला. अंगठ्याच्या बाजूने पाणी उडत राहिलं. बाथरूममध्येच वर घरातलं पाणी बंद करायचा कॉक आहे. अंगठा काढून तो फिरवायला गेले तर तो हलेना. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. पान्याने जोर लावला आणि त्याची मूठच तुटून खाली पडली. मग मी भोकात रुमाल कोंबला आणि ओल्या कपड्यांनी जिना चढत गच्चीवर गेले.

गच्चीवर टाकीपासून निघालेल्या पाइपांची रांग होती. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह, आणि कशावरही नंबर नाही. पूर्वी कधीतरी रंगाने लिहिलेले आकडे उन्हाने उडून गेले होते. वॉचमनला फोन केला, तो आरतीत. मी एक व्हॉल्व्ह बंद केला, खाली धावत गेले, धार चालूच. परत वर. दुसरा बंद केला, परत खाली. तिसऱ्या खेपेला मी सरळ सगळे बंद केले. आमच्या विंगमधल्या प्रत्येक घरात पाहुणे, प्रत्येक घरात मोदकांची उकड, आणि मी सगळ्यांचं पाणी तोडलं. खिशातला फोन लगेच वाजायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाल्या होत्या. मी तो बघितलाच नाही.

खाली आले तर माझ्या उघड्या दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे. आमच्या बरोब्बर खालच्या घरात काका-काकी राहतात. मूळचे इथल्याच गावातले. ज्या शेतांवर हे सेक्टर उभे राहिले त्यातलं थोडं त्यांचंही होतं. काकांनी उभं आयुष्य उरणकडे बोटींच्या दुरुस्तीत पाइप जोडण्याचं काम केलं. त्या आठवड्यात त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून काळा चष्मा, आणि एक हात भिंतीला.

"काय केलास गो बाय? आमच्या मोरीत वरून धार लागलीय."

मी सांगायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. पाइप फुटला एवढंच सांगायचं होतं, पण टॉवेलच्या दांडीपासून सगळं बाहेर आलं. आईने ती कमोडमागे कशी लपवली तेही. ते मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. काका ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "पानी बंद झाला ना? मंग रडतेस कशाला. स्टूल आन मना."

बाथरूमच्या दारात ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. "मना वाकायला बंदी हाय, आन दिसत पन नाय बारीक. तुजे डोले, तुजे हात. मी बोलतो तसा कर."

ते सांगत गेले आणि मी करत गेले. आधी भोकाभोवतीची टाइल छिन्नीने फोडायची. माझी हातोडी भीत भीत पडत होती. "बाय, तू टाइलीला गोंजारतेस काय? मार." मी मारली. आत मळकट पांढरा पाइप दिसला, आडवा गेलेला. नळाकडून वर न जाता तो सरळ फ्लशच्या टाकीकडे निघाला होता. त्याला मधोमध माझं भोक.

"लावणाऱ्याने शॉर्टकट मारला," काका म्हणाले. "तुजी चूक नाय. पन विचारायचा तरी ना कोनाला."

करवतीच्या पात्याने भोकाचा तुकडा कापून काढला. काकांनी काकींना हाक मारून घरातून त्यांची जुनी ट्रंक मागवली. काकी ट्रंक घेऊन वर आल्या आणि आल्या आल्या त्यांच्यावर ओरडल्या. "डॉक्टरने काय सांगितला तुमाला? धुरळ्यात बसलाव!" काका म्हणाले, "मी कुटं काय करतो? बसलोय नुसता." ट्रंकेत जोडाचे तुकडे होते, पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी होती. पाइपाची दोन्ही टोकं कोरडी करून, सोल्युशन लावून मधला जोड बसवला आणि तीसपर्यंत मोजत दाबून धरला. तीस झाले तरी मी सोडेना. काका म्हणाले, "सोड गो. तो आता तुज्यापेक्षा घट्ट हाय."

काकींनी गच्चीवर जाऊन, काकांनी खूण सांगितलेला आमचा व्हॉल्व्ह सोडून बाकीचे उघडले, आणि खाली जाऊन ज्याला त्याला सांगितलं की टाकीत कचरा अडकला होता. तसं सांगा असं मी म्हटलं नव्हतं त्यांना. त्यांनीच ठरवलं.

जोड सुकेपर्यंत काकांनी पहिल्या भोकातली भुकटी चिमटीत घेऊन चोळली. "कसली हाय? लाल का पांढरी?"

"पांढरी."

"तरीच. हे हलके ब्लॉक हायेत. बिस्किटासारके. तुजी गिट्टी बसली टाइलीत आन प्लास्टरात. पाठी तिला धरायला कायच नाय. तिच्यावर टॉवेल राहील, मानूस नाय राहत." मग त्यांनी विचारलं, "या भिंतीच्या पाठी काय हाय?"

"आईची खोली. तिच्या पलंगाचं डोकं."

"मंग आरपार जाऊ."

रविवारची अख्खी दुपार आम्ही तेच केलं. ट्रंकेतलं हातभर लांब बिट लावून दांड्यासाठी नव्या जागी चार भोकं पाडली, पार आईच्या खोलीपर्यंत. प्रत्येक भोकाला मी मशीन थांबवून विचारत होते, "काका, इथे पाइप नसेल ना? वायर नसेल ना?" पंख्याची आणि दिव्याची बटणं कुठे आहेत ते त्यांनी मला तीनदा हाताने दाखवायला लावलं, घरातला मेन स्विच बंद करून एक्स्टेंशन शेजारच्या घरातून आणायला लावलं. पहिलं भोक पलीकडे निघालं तेव्हा आईच्या खोलीतलं प्लास्टर खपलीसारखं उडालं आणि उशीवर पडलं. सहा इंची बोल्ट दांड्यातून, बाथरूमच्या बाजूने घातले. पलीकडे दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर वॉशर, वॉशरवर नट. मी पान्याने आवळत गेले, आवळत गेले, शेवटी काका म्हणाले, "पुरे, नायतर भिंतच चिरडशील."

मग मी दांड्याला धरून कमोडवर बसले आणि उठले. दहा वेळा. मग पाय उचलून लोंबकळले. माझं वजन आईपेक्षा बरंच कमी. म्हणून काकींना बोलावलं. काकींनी साडीचा पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि मागे अंग टाकून दिलं. दांडा हलला नाही. मला तरीही खात्री वाटेना. टॉवेलची दांडी लावली तेव्हा तीसुद्धा हलली नव्हती.

सोमवारी आई आली. वॉकर घेऊन हळूहळू खोलीत शिरली, पलंगावर बसली, आणि वळून डोक्यामागच्या भिंतीकडे बघितलं. दोन पट्ट्या, चार नट, भोवती मी भरलेलं पांढरं सिमेंट, रंग न दिलेलं.

"हे काय?"

"बाथरूममध्ये दांडा बसवलाय. त्याचे बोल्ट."

"कोणी बसवला?"

प्लंबरने, असं म्हणायला जीभ तयार होती. "मी," म्हटलं. "खालच्या काकांनी सांगितलं तसं."

बाथरूममध्ये गेल्यावर तिने दांड्याकडे एकदा पाहिलं आणि माझा खांदा धरला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. मी कधी म्हटलं नाही की दांडा धर. काय तोंडाने म्हणणार? तिची बोटं खांद्यात रुतायची, मी पाय रोवून उभी राहायचे, आणि दांडा शेजारी नुसता चमकत असायचा. सकाळी ती झोपेत असताना मी जाऊन फोडलेल्या टाइलच्या जागी हात लावून बघायचे, ओल आलीय का. खाली काकींना रोज एकच प्रश्न, छत कोरडं आहे ना. त्यांना शेवटी त्याचं हसू यायला लागलं.

रजा संपली. दिवसा आईजवळ बसायला एक बाई ठेवली. ती पाचला निघायची आणि मी साडेपाचला पोचायचे. त्या अर्ध्या तासात आईने पलंगावरून उठायचं नाही असं ठरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी कळंबोलीच्या अलीकडे एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला आणि आमची कंपनीची बस जागच्या जागी उभी राहिली. साडेपाच झाले. मी आईला फोन केला. तिने उचलला, म्हणाली, ये सावकाश. सहाला केला तेव्हा उचलला नाही. सव्वासहाला नाही. काकांना फोन केला, ते डोळे दाखवायला गेले होते, घराला कुलूप. मी बसमधून उतरले आणि ट्रकांच्या मधून चालत सुटले. पुढे रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला मी काय काय सांगितलं आठवत नाही, पण तो मधेच म्हणाला, "मॅडम, बसा नीट, पडाल."

दार उघडलं तर पलंग रिकामा. फोन उशीवर. वॉकर बाथरूमच्या बाहेर उभा, दार लोटलेलं.

"आई!"

"आहे. आत येऊ नकोस."

"पडलीस का?"

"नाही. कमोडवर बसलेय. तू तिथेच थांब."

"मी येते ना धरायला—"

"मी म्हटलं ना, थांब."

तिचा तो आवाज मी ओळखते. लहानपणापासून त्या आवाजापुढे माझं काही चाललेलं नाही. पण दाराबाहेर नुसतं उभं राहणंही जमेना. मी तिच्या खोलीत गेले, पलंगावर गुडघे टेकून वर चढले आणि दोन्ही तळहात त्या पट्ट्यांवर ठेवले. का, ते सांगता येत नाही. बोल्ट सुटायला लागले तर मी ते हातांनी आत दाबून धरणार होते का? लोखंड गार होतं. भिंतीपलीकडे आईने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग "चल गं बाई" असं ती स्वतःशीच म्हणाली. मी डोळे मिटले. हाताखाली काही हललं नाही. अगदी काहीच नाही, एक कणसुद्धा. मग फ्लशचा आवाज आला आणि पाइपातून पाणी गेलं, माझ्या डाव्या तळहाताशेजारून.

मी बाहेर आले तेव्हा ती दारात उभी होती, एक हात चौकटीला, दुसऱ्याने वॉकर ओढत. कपाळावर घाम होता. चेहरा माझ्यापेक्षा बरा होता.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "आई, ती टॉवेलची दांडी…"

"टॉवेलच्या दांडीला टॉवेल टांगायचा असतो," ती म्हणाली. "मी तिला धरलं. मला कळायला हवं होतं."

"पण ती मी लावली होती. आणि तू सगळ्यांना फरशी ओली होती म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगायला हवं होतं? तुझी बहीण तिकडे बसून तुला बोलली असती. तू आधीच किती घाबरट आहेस." तिने कप खाली ठेवला. "इतके दिवस तुझा खांदा धरत होते तर तुला वाटलं असेल दांड्यावर विश्वास नाही. विश्वास पायावर नव्हता. पाय टेकायचीच भीती वाटत होती. आज घाई लागली आणि तू नव्हतीस."

मी तिचे पाय चेपत बसले, दुखऱ्या बाजूचा सोडून. मला इतके दिवस वाटत होतं की घरात भीती एकट्या माझ्यात आहे.

आता ती काठीने चालते. बाथरूमला एकटी जाते, मला हाकही मारत नाही. काकांचा दुसरा डोळाही झाला, आणि ते आता स्वतःच्या घरची कामं स्वतः करायला लागल्याने काकींचा जीव टांगणीला. मी माझं सांगते. दर रविवारी आई भाजी निवडत बसली की मी पाना घेऊन तिच्या पलंगावर चढते आणि चारही नट एकेक करून तपासते. आजवर एकही नट पाव फेरासुद्धा सैल झालेला नाही. आई मान वर न करता म्हणते, "झालं समाधान?" मी हो म्हणते आणि उतरते. पुढच्या रविवारपर्यंत ते टिकतं.